शिकलेलं विसरून पुन्हा शिकलेल्या ऑपरेटिंग सिस्टिम

विंडोज असलेल्या संगणकावर एक नवा फोल्डर तयार करा आणि त्याला सी, ओ, एन ही तीन इंग्रजी अक्षरं नाव म्हणून देऊन बघा. जमणार नाही. हे नाव एका उपकरणाचं आहे, असं काहीतरी सांगून विंडोज ते नाकारेल. हे उपकरण म्हणजे कन्सोल, म्हणजेच कीबोर्ड आणि पडदा यांची जोडी. विंडोजच्या आधीची सिस्टिम म्हणजे डॉस. १९८१ सालच्या डॉसमध्ये फोल्डर नावाची गोष्टच नव्हती. डिस्कवरच्या सगळ्या फायली एकाच ढिगात असत आणि त्या ढिगात काही खास नावं राखून ठेवलेली असत. ‘सीओएन’मध्ये लिहिलं की अक्षरं पडद्यावर उमटत, ‘पीआरएन’मध्ये लिहिलं की कागदावर. १९८३ मध्ये डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले. तोवर लिहिलेले प्रोग्राम अडू नयेत म्हणून ही नावं प्रत्येक फोल्डरमध्ये राखीव ठेवली गेली, आणि ती आजही तशीच आहेत.

ऑपरेटिंग सिस्टिमचा, म्हणजे संगणक आणि त्यावरचे बाकीचे प्रोग्राम सांभाळणाऱ्या मूळ प्रोग्रामचा, इतिहास सहसा चित्रांतून सांगितला जातो. आधी काळा पडदा होता, मग खिडक्या आल्या, माऊस आला, रंग आले. ही गोष्ट खोटी नाही, पण ती रंगरंगोटीची गोष्ट आहे. आतली गोष्ट वेगळी आणि थोडी विचित्र आहे. एक संगणक अनेकांमध्ये सुरक्षितपणे कसा वाटायचा, हे मोठ्या यंत्रांवर काम करणारी मंडळी १९६० च्या दशकातच शिकली होती. टेबलावरचा संगणक आला तेव्हा ते सगळं बाजूला पडलं. मग जवळजवळ वीस वर्षं संगणक ‘हँग’ होत राहिले आणि अखेर जुन्या धड्यांकडे परतावं लागलं. आज तुमच्या टेबलावर जी सिस्टिम चालते, ती टेबलावर जन्मलेली नाही. ती मोठ्या यंत्रांच्या घराण्यातली आहे.

सुरुवातीला तर ऑपरेटिंग सिस्टिमच नव्हती. १९५० च्या दशकाच्या आरंभी संगणकावर वेळ राखून ठेवावी लागे. आपली वेळ आली की प्रोग्राम भोकांच्या रूपात कोरलेल्या कार्डांचा गठ्ठा घेऊन जायचं, तो यंत्राला भरवायचा, उत्तर घ्यायचं आणि निघायचं. माणूस कार्डं लावत असताना तो प्रचंड महागडा संगणक नुसता बसून असे. म्हणून १९५६ मध्ये जनरल मोटर्स आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या दोन कंपन्यांनी आयबीएम ७०४ या संगणकासाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला. एक काम संपलं की माणसाची वाट न बघता पुढचं काम सुरू करायचं, एवढंच त्याचं काम. एक मोटारी बनवणारी आणि दुसरी विमानं बनवणारी! संगणक विकणाऱ्यांपेक्षा वापरणाऱ्यांनाच फुकट जाणारे तास जास्त खुपत होते.

यंत्राचा वेळ वाचला, पण माणसाचा वाया जाऊ लागला. सकाळी कार्डं द्यायची, संध्याकाळी कळायचं की एक स्वल्पविराम चुकला होता. यावरचा तोडगा १९६१ मध्ये एमआयटी या अमेरिकन विद्यापीठात फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवला. एकच बुद्धिबळपटू तीस पटांवर एकाच वेळी खेळतो, ते आठवा. तो एका पटावर चाल करून पुढे सरकतो. तिथला प्रतिस्पर्धी विचार करत असतो तोवर बाकीचे पट हाताळून होतात. प्रत्येकाला वाटतं, हा माझ्याशीच खेळतोय. संगणकाच्या मानानं माणूस फारच हळू विचार करतो, त्यामुळे ही युक्ती बेमालूम चालते. तिला टाइम-शेअरिंग म्हणतात.

पण या युक्तीला दोन गोष्टी लागतात, आणि इथून पुढचा सगळा लेख या दोन गोष्टींभोवतीच फिरतो. पहिली म्हणजे गजर. एखादा प्रोग्राम प्रोसेसर अडवून बसला, तर त्याच्या हातून तो काढून घेण्याची सोय हवी. त्यासाठी संगणकात एक टाइमर बसवतात. ठरावीक वेळानं तो प्रोसेसरला टोचणी लावतो आणि ताबा पुन्हा ऑपरेटिंग सिस्टिमकडे येतो. चालू प्रोग्रामची परवानगी कोणी विचारत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे कुंपण. माझ्या प्रोग्रामनं तुमच्या प्रोग्रामच्या मेमरीत, आणि मुख्य म्हणजे सिस्टिमच्या स्वतःच्या मेमरीत, हात घालता कामा नये. एमआयटीच्या यंत्रात त्यासाठी मेमरीचे दोन वेगळे भाग होते. एक देखरेख करणाऱ्या प्रोग्रामसाठी, दुसरा वापरणाऱ्यांसाठी.

ही दोन्ही कामं नुसत्या प्रोग्रामनं होत नाहीत, प्रोसेसरची साथ लागते. आजच्या प्रोसेसरमध्ये साधारण दोन अवस्था असतात. एका अवस्थेत सगळं करता येतं. डिस्कशी थेट बोलता येतं, कुंपणं हलवता येतात, टाइमर बंद करता येतो. या अवस्थेत चालणाऱ्या, सिस्टिमच्या गाभ्यातल्या भागाला कर्नल म्हणतात. दुसऱ्या अवस्थेत तुमचा ब्राउझर, तुमचा गेम, तुमचं टायपिंग चालतं. त्यांना फाइल उघडायची असेल तर ती स्वतः उघडता येत नाही, कर्नलला सांगावं लागतं. कर्नल तपासतो, योग्य वाटलं तर करून देतो. तुम्ही एक फोटो उघडता तेवढ्यात असे सवालजवाब शेकड्यांनी होऊन जातात.

वाटून घेणं किती नाजूक असतं याचा कॉर्बाटो यांनीच सांगितलेला एक किस्सा आहे. त्यांच्या सिस्टिमवर प्रत्येकाला पासवर्ड होता. संगणकाला पासवर्ड लावायची पद्धत साधारण इथूनच रुजली. १९६० च्या दशकाच्या मध्यावर एके दिवशी लॉग-इन करणाऱ्या प्रत्येकासमोर रोजच्या सूचनेऐवजी सगळ्यांच्या पासवर्डची यादीच छापून येऊ लागली. झालं होतं ते साधंच. एडिटर तात्पुरत्या कामासाठी एकच ठरलेलं फाइलनाव वापरत होता. व्यवस्थापक एका वेळी एकच जण असेल, हे त्यामागचं गृहीतक. त्या दिवशी दोघं होते. एकजण सूचना लिहीत होता, दुसरा पासवर्डची फाइल दुरुस्त करत होता, आणि दोन्ही फायलींची अदलाबदल झाली. ‘इथे एकच माणूस असेल’ हे गृहीतक पुढेही बऱ्याच जणांना महागात पडणार होतं.

एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज यांनी मिळून मग मल्टिक्स नावाचा अवाढव्य प्रकल्प हाती घेतला. तो लांबत गेला आणि १९६९ मध्ये बेल लॅब्ज बाहेर पडली. तिथले केन थॉम्प्सन त्याच वर्षी एका जुन्या, छोट्या पीडीपी-७ यंत्रावर स्वतःपुरती सिस्टिम लिहू लागले. डेनिस रिची त्यांना येऊन मिळाले. मल्टिक्सवर कोटी करून तिचं नाव पडलं युनिक्स.

युनिक्सबद्दल पानंच्या पानं लिहिता येतील. मला दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. १९७३ मध्ये ती जवळजवळ पूर्ण सी या भाषेत पुन्हा लिहिली गेली. त्याआधी सिस्टिम म्हणजे त्या त्या यंत्राच्या बोलीत लिहिलेला मजकूर, यंत्र गेलं की तोही गेला. आता सिस्टिम एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येऊ लागली. दुसरी गोष्ट कायद्याची आहे. बेल लॅब्जची मालक असलेल्या एटी अँड टी या टेलिफोन कंपनीला १९५६ च्या एका न्यायालयीन तडजोडीमुळे दूरसंचाराबाहेरच्या धंद्यात उतरायची मुभा नव्हती. त्यामुळे युनिक्स नेहमीच्या मालासारखी विकली गेली नाही. विद्यापीठांना ती मूळ कोडसकट, नाममात्र शुल्कात मिळाली. विद्यार्थ्यांच्या एका पिढीनं ती उघडून वाचली, मोडली, सुधारली. बर्कली विद्यापीठात तिचा बीएसडी हा फाटा तयार झाला आणि १९८३ च्या त्याच्या आवृत्तीत इंटरनेटची भाषा बोलणारं कोड आलं. सर्व्हरच्या, म्हणजे इतर संगणकांना सेवा पुरवणाऱ्या यंत्रांच्या, जगावर युनिक्सचा ठसा उमटला तो असा.

इकडे १९७० च्या दशकात चिप स्वस्त झाल्या आणि एका माणसाला पुरेल एवढा संगणक निघाला. त्यात मेमरी इतकी कमी असे की युनिक्ससारखं काही बसवणं अशक्य. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये सीपी/एम ही चिमुकली सिस्टिम लिहिली. आयबीएमनं १९८१ मध्ये आपला पर्सनल कॉम्प्युटर आणला, तेव्हा मायक्रोसॉफ्टनं सिअ‍ॅटलमधल्या एका छोट्या कंपनीकडून टिम पॅटरसन यांनी लिहिलेली, सीपी/एमच्या वळणावर गेलेली सिस्टिम विकत घेऊन पुरवली. तीच डॉस.

डॉसला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणावं की फायली सांभाळणारा कारकून, असा मला अनेकदा प्रश्न पडतो. गजर नाही, कुंपण नाही. त्या संगणकातल्या ८०८८ या प्रोसेसरमध्ये कुंपणाची सोयच नव्हती. प्रोग्राम सुरू झाला की सगळं यंत्र त्याचं. त्यानं पडद्याच्या मेमरीत थेट लिहावं, डिस्कशी परस्पर बोलावं, वाटलं तर डॉसचीच मेमरी पुसून टाकावी. याला मूर्खपणा म्हणणं अन्यायाचं होईल. एकच माणूस, एकच प्रोग्राम, इंटरनेटचा पत्ता नाही. कुंपण घालायचं कोणापासून?

मग झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात १९७३ मध्ये तयार झालेल्या अल्टो संगणकावरच्या कल्पना अ‍ॅपलनं उचलल्या. १९८४ मध्ये मॅकिंटॉश आला, १९८५ मध्ये विंडोजची पहिली आवृत्ती आली, जिच्यातल्या खिडक्या एकमेकींवर ठेवताही येत नसत. पडद्यावर एकाच वेळी चार प्रोग्राम दिसू लागले, आणि इथे गृहीतक फसलं. माणूस एकच होता, पण प्रोग्राम अनेक झाले. वाटणीचा जुना प्रश्न पुन्हा दारात उभा राहिला, आणि दारात गजरही नव्हता, कुंपणही नव्हतं.

तात्पुरता उपाय निघाला तो सामंजस्याचा. प्रत्येक प्रोग्रामनं थोडा वेळ काम करावं आणि आपण होऊन ताबा सोडावा. ज्या सभेत अध्यक्षाला माइक बंद करण्याचा अधिकार नाही, अशी सभा डोळ्यांसमोर आणा. सगळे वक्ते समजूतदार असतील तर सभा उत्तम चालते. एक जरी रंगात आला, तरी सगळ्यांचं घड्याळ थांबतं. विंडोज ३.१ आणि तेव्हाची मॅकची सिस्टिम अशीच चालत असे. पडदा गोठायचा तो यामुळे. शिवाय कुंपणं नव्हती किंवा पार तकलादू होती, त्यामुळे एका प्रोग्रामचा पाय घसरला की तो इतरांनाही घेऊन पडे. तोवर केलेलं काम दर पाच मिनिटांनी सेव्ह करण्याची सवय एका अख्ख्या पिढीच्या बोटांत बसली. ती सवय म्हणजे खरं तर त्या काळच्या सिस्टिमवरचं टीकात्मक परीक्षणच होतं.

विंडोज ९५ मध्ये गजर आला, पण डॉसशी असलेली नाळ तुटली नव्हती. तिच्यात एक मजेदार दोष होता. सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले हे मोजणारा आकडा ३२ बिटांचा होता. तो ४९.७ दिवसांत भरतो आणि पुन्हा शून्यावर येतो. तसं झालं की संगणक गोठायचा. हा दोष जाहीर व्हायला काही वर्षं लागली. सलग पन्नास दिवस विंडोज ९५ चालू ठेवण्याची वेळ कोणावर येत असेल! सर्व्हरवर हाच दोष दोन महिन्यांच्या आत पकडला गेला असता. तिथे यंत्र वर्षभर बंद होत नाही, ही साधी अपेक्षा असते.

सुटका झाली ती दत्तकविधानाने. मायक्रोसॉफ्टनं १९८८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट या कंपनीतून डेव्ह कटलर यांना आणलं. त्यांनी तिथे व्हीएमएस ही अनेकांनी एकाच वेळी वापरायची, मोठ्या यंत्रांची सिस्टिम घडवली होती. त्याच वळणाची, गजर आणि भक्कम कुंपण असलेली विंडोज एनटी १९९३ मध्ये आली. घरोघरच्या वापरात ती २००१ मध्ये एक्सपीच्या रूपानं शिरली आणि डॉसची वंशरेषा संपली. अ‍ॅपलची नवी सिस्टिम लिहिण्याची स्वतःची धडपड फसली. १९९६ च्या अखेरीस त्यांनी स्टीव्ह जॉब्ज यांची नेक्स्ट ही कंपनी विकत घ्यायचं ठरवलं. नेक्स्टच्या पोटात बीएसडी युनिक्स आणि कार्नेगी मेलन विद्यापीठातला माख हा कर्नल होता. २००१ मध्ये आलेल्या मॅक ओएस टेनचा पाया तोच. म्हणजे एकाच वर्षात टेबलावरच्या दोन्ही मोठ्या घराण्यांत मोठ्या यंत्रांचा वारस गादीवर बसला.

तिसरा वारस न बोलावता आला. रिचर्ड स्टॉलमन १९८३ पासून युनिक्ससारखी, पण कोणालाही वापरता, वाचता आणि बदलता येणारी ग्नू ही सिस्टिम उभी करत होते. सगळी अवजारं तयार झाली, कर्नल काही होईना. १९९१ मध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यानं ३८६ हा इंटेलचा प्रोसेसर असलेल्या आपल्या संगणकासाठी लिनक्स हा कर्नल लिहायला घेतला. हा प्रोसेसर महत्त्वाचा. कुंपणाची नीट सोय असलेली चिप आता विद्यार्थ्याच्या टेबलावर आली होती. आपला हा नुसता छंद आहे, असं त्यानं तेव्हा लिहिलं होतं. टेबलासाठी लिहिलेला हा कर्नल टेबलावर कधी फारसा पसरला नाही. पसरला तो सर्व्हरवर. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० संगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून एकूण एक यंत्र लिनक्सवर चालतंय.

मग आज डेस्कटॉप आणि सर्व्हर यांच्या सिस्टिममध्ये फरक काय? गाभ्यात जवळजवळ काही नाही. फरक आहे तो स्वभावाचा. विंडोजमध्ये गजर वाजण्याआधी प्रोग्रामला मिळणारा वेळ घरगुती आवृत्तीत घड्याळाच्या दोन ठोक्यांएवढा, साधारण तीस मिलिसेकंद असतो. सर्व्हर आवृत्तीत तो बारा ठोके, म्हणजे सहापट असतो. घरी माऊस अडखळला तर लगेच जाणवतं, म्हणून पाळी चटकन फिरलेली बरी. पण दर पाळीबदलाला किंमत असते. प्रोसेसरनं जवळ काढून ठेवलेली माहिती निरुपयोगी होते, पुन्हा जुळवाजुळव करावी लागते. सर्व्हरला दिवसाअखेर किती काम उरकलं याच्याशी मतलब, म्हणून तिथे लांब पाळ्या. लिनक्समध्येही कर्नल बांधताना अशाच निवडी कराव्या लागतात.

सर्व्हरवर दरम्यान आणखी एक जुनी युक्ती परतली. अख्खा संगणकच खोटा तयार करायचा आणि त्याच्यावर दुसरी सिस्टिम चालवायची, याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आयबीएम आपल्या मोठ्या यंत्रांवर १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे करत होती, १९७२ पासून तर ग्राहकांना देत होती. इंटेलच्या साध्या चिपवर मात्र ते अवघड होतं. काही आज्ञा अशा होत्या की अधिकार नसताना दिल्या तर तक्रार व्हायला हवी, पण ती चिप चुपचाप भलतंच करून मोकळी व्हायची. १९९९ मध्ये व्हीएमवेअरनं अशा आज्ञा चालता चालता बदलून मार्ग काढला. २००५ पासून इंटेलनं चिपमध्येच सोय केली. आज ज्याला क्लाउड म्हणतात, ते या खोट्या संगणकांचं भाड्याचं गाव आहे. कंटेनर ही त्याची हलकी आवृत्ती. कर्नल एकच, पण प्रत्येक प्रोग्रामला असं भासवायचं की यंत्रावर तो एकटाच आहे. याचं बीज युनिक्समध्ये १९७९ पासून होतं, २०१३ मध्ये डॉकरनं ते सोपं करून दिलं.

कर्नलमध्ये नेमकं काय असावं, हा वाद मात्र मिटलेला नाही. जानेवारी १९९२ मध्ये प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी ‘लिनक्स कालबाह्य आहे’ असं जाहीर लिहिलं. त्यांचं म्हणणं, कर्नल शक्य तितका छोटा हवा. उपकरणं हाताळणारे ड्रायव्हर त्याच्या बाहेर, कुंपणापलीकडे हवेत. टोरवाल्ड्सनं सगळं आतच ठेवलं, कारण तसं केल्यानं वेग मिळतो आणि लिहायला सोपं जातं. बाजारात टोरवाल्ड्स जिंकले. पण १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष माहितीफाइल विंडोजच्या संगणकांवर पोहोचली. कर्नलच्या आत बसलेल्या त्यांच्या ड्रायव्हरनं ती वाचताना हद्दीबाहेरची मेमरी चाचपली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख यंत्रं बंद पडून निळा पडदा दाखवत बसली. ड्रायव्हर कुंपणाबाहेर असता तर तो एकटाच पडला असता. (टॅनेनबॉम यांचाही एक छोटा विजय नोंदवायला हवा. २०१७ मध्ये उघड झालं की इंटेलच्या चिपसंचात एका कोपऱ्यात त्यांची मिनिक्स ही सिस्टिम गुपचूप चालत होती.)

आणि टेबलावरच्या संगणकाचा स्वतःचा प्रश्न तर या सगळ्या वारशानं सोडवलेलाच नाही. १९६० च्या दशकातली कुंपणं एका माणसाला दुसऱ्या माणसापासून वाचवण्यासाठी घातली होती. माझ्या नावानं चाललेला प्रोग्राम माझ्याच बाजूचा आहे, असं त्यात गृहीत धरलेलं होतं. तेव्हा ते बरोबर होतं, कारण प्रोग्राम मीच लिहिलेला असे. आज मी कुठून तरी उतरवलेला प्रोग्राम माझ्या नावानं चालतो, आणि माझ्या नावानं जे काही आहे ते सगळं त्याला वाचता, पुसता, कुलूपबंद करता येतं. खंडणी मागणारे प्रोग्राम याच फटीतून काम करतात. मोबाइलवर अँड्रॉइडनं प्रत्येक अ‍ॅपला लिनक्सचा वेगळा वापरकर्ता मानून ही फट बरीच बुजवली. मॅकवर २०१९ पासून प्रोग्रामला डॉक्युमेंट्स फोल्डर बघण्याआधी विचारावं लागतं. विंडोजमध्येही २०१७ पासून फोल्डर राखण्याची अशी सोय आहे, फक्त ती मुळात बंद असते. नवा प्रिंटर बसवायचा तर पासवर्ड द्यावा लागतो, सिस्टिमच्या फायली कडेकोट बंदोबस्तात असतात, आणि त्या तासाभरात पुन्हा डाउनलोड करून मिळतात. वीस वर्षांचे फोटो मात्र अजूनही बहुतेक संगणकांवर कुठल्याही प्रोग्रामला पासवर्ड न देता पुसता येतात.